नाताळचा दिवस कोणाचा?



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आम्ही मागच्या बाकावर बसून ऐकावे, असा माझा आजवरचा परिपाठ आहे. शाळा मी दहावीला सोडली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावरील सभांत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा आजचा विषय मी इतिहासाचा पंडित म्हणून मांडत नाही, कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता म्हणून मांडतो. या विषयाकडे मी वळलो तोही एका चुकीमुळे, आणि ती चूक माझी होती.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात सणांच्या पगारी सुट्ट्यांची वार्षिक यादी ठरत होती. सुट्ट्यांचा आकडा ठरलेला होता. त्यात कोणते दिवस बसवायचे ते संघटनेने सांगायचे होते. बहुसंख्य कामगारांना दिवाळीचा आणखी एक दिवस हवा होता. एक दिवस आत घ्यायचा तर एक बाहेर काढणे भाग होते. सगळ्यांचे बोट नाताळवर पडले, कारण ख्रिस्ती कामगार सगळे मिळून पाच.

त्या पाचांतले एक वसईकडचे वयस्क टर्नर होते. ते मला म्हणाले, "भाऊ, मिस्साला मी मध्यरात्री जाईन, त्याला सुट्टी लागत नाही. पण दुपारी घरची सगळी मंडळी जेवायला बसतात, तेव्हा मी नसलो तर आईला नाताळ झाल्यासारखा वाटत नाही." त्यांच्या शेजारी दुसऱ्या पंथाचा एक तरुण ख्रिस्ती कामगार उभा होता. तो म्हणाला, "आमच्या मंडळीत नाताळ पाळत नाहीत. पंचवीस डिसेंबर ही तारीख बायबलात कुठेच नाही." मला आयतीच संधी मिळाली. मी सभेत म्हणालो, "तुमच्या शास्त्रात दिवस नाही, तुमच्यात एकमत नाही, मग सुट्टी कशासाठी?" हशा पिकला, टाळ्याही पडल्या. नाताळ यादीतून गेला.

त्या वर्षी पंचवीस डिसेंबरला सकाळी मी फाटकावर होतो. टर्नर पहिल्या पाळीला आले. हातात नाताळच्या फराळाचा डबा. त्यांनी माझ्या हातावर एक करंजी ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, आईनं दिलंय." एवढेच बोलून ते आत गेले. करंजी मी खाल्ली, पण सभेतला माझा युक्तिवाद काही मला गिळवेना. तो खरा होता की नुसता चटपटीत होता, हे तपासावे म्हणून मी वाचनालयात गेलो. तेथे मला कळले की हा युक्तिवाद करणारा मी पहिला नव्हे. पावणेचारशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या पार्लमेंटने तो केला होता, कायदा करून अंमलात आणला होता, आणि तेथील उमेदवार कारागिरांनी व गरीब लोकांनी त्याला रस्त्यावर उत्तर दिले होते. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

शास्त्र काय सांगते

आधी त्या तरुण कामगाराला न्याय दिला पाहिजे. त्याचे म्हणणे खरे होते. येशूच्या जन्माची कथा मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे. दोहोंतही तारीख नाही, महिना नाही, आणि हा दिवस दरवर्षी पाळा अशी आज्ञाही नाही. पंचवीस डिसेंबरचा सर्वांत जुना ठळक पुरावा सापडतो तो रोममधील इ. स. ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहात, म्हणजे येशूच्या जन्मानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी. आपला 'नाताळ' हा शब्द तर त्याहून पुष्कळ अलीकडचा; तो पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला.

मग जे शास्त्रात नाही ते धर्मात ठेवावे की नाही? या प्रश्नावर ख्रिस्ती लोकांत फार जुना मतभेद आहे. रोमन कॅथलिक मंडळी परंपरेलाही अधिकार मानते. शास्त्र जसे वडिलांनी दिले तसे सणही त्यांनीच दिले, अशी तिची धारणा. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने रोमशी भांडण मांडले, तरी नाताळ ठेवला. शास्त्राने ज्याला मनाई केलेली नाही आणि ज्याने श्रद्धा बळावते, ते राहू द्यावे, असा त्याच्या अनुयायांचा कल. कॅल्व्हिनच्या वाटेने गेलेले स्कॉटलंडचे सुधारक आणि इंग्लंडचे प्युरिटन यांचे म्हणणे अधिक कडक होते. शास्त्राने जे सांगितलेले नाही ते उपासनेत आणूच नये. देवाने सात दिवसांतला एक दिवस आपल्यासाठी राखला आहे, त्यावर माणसाने दुसरे पवित्र दिवस चढवू नयेत. क्वेकर पंथाचे लोक आणखी एक पाऊल पुढे गेले. त्यांना सगळेच दिवस सारखे.

गंमत अशी की प्रेषित पौलाची पत्रे दोन्ही पक्षांना कामी येत. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने दिवस आणि महिने पाळण्याच्या सोसाबद्दल आपल्या लोकांची कानउघाडणी केली आहे. प्युरिटन ते पत्र पुढे करीत. पण रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याचा सूर निराळा आहे. दिवस पाळणाऱ्याने न पाळणाऱ्याला आणि न पाळणाऱ्याने पाळणाऱ्याला दोष देऊ नये, ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, असा तेथे आशय आहे. हा उपदेश मानला गेला असता तर पुढचा इतिहास घडलाच नसता.

जुने सण आणि जुने मालक

हा वाद नुसता पाद्र्यांचा होता असे मात्र समजू नका. त्यात पहिल्यापासून कामाच्या दिवसांचा हिशेब मिसळलेला आहे. जुन्या इंग्लंडच्या वर्षात संतांचे कितीतरी दिवस असत आणि त्या दिवशी काम बंद राही. आठव्या हेन्री राजाच्या कारकीर्दीत, १५३६ साली, सुगीच्या महिन्यांत येणारे बहुतेक सण रद्द झाले. कारण उघड सांगितले होते. सणांमुळे लोक आळशी होतात आणि उभे पीक वाया जाते. धर्मसुधारणेची तलवार पहिल्यांदा पडली ती मजुराच्या सुगीतल्या विसाव्यावर.

नाताळ मात्र राहिला. तो एक दिवसाचा नव्हे, बारा दिवसांचा. थंडीत शेतीची कामे थोडी, साठवणीचे धान्य आणि मांस घरात, दारू नुकतीच तयार झालेली. जमीनदाराच्या वाड्यावर कुळांना जेवण मिळे. पोरेटोरे गाणी म्हणत दारोदार जात आणि खाणेपिणे मागत. जुगार चाले, दारूचा अतिरेक होई, दंगामस्तीही होई. प्युरिटनांना या सगळ्याची शिसारी होती. ख्रिस्ताच्या नावाने बारा दिवस धिंगाणा घालावयाचा, ही त्याची विटंबना आहे, असे ते म्हणत. आपल्याकडच्या शिमग्याविषयी आपल्या सुधारकांनी काय लिहिले ते ज्यांनी वाचले आहे, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.

प्युरिटनांचा आग्रह होता की विश्रांती रविवारी घ्यावी आणि रविवार भक्तीत घालवावा. याच्या उलट राजाचे धोरण. पहिल्या जेम्स राजाने १६१८ साली एक जाहीरनामा काढून रविवारच्या प्रार्थनेनंतर खेळ, नाच, तिरंदाजी यांना मुभा दिली. त्यातला एक मुद्दा मला लक्षात ठेवण्याजोगा वाटतो. सहा दिवस पोटामागे धावणाऱ्या सामान्य माणसाने रविवारी खेळू नये तर खेळावे तरी कधी? प्रश्न राजाच्या सोयीचा होता, कारण त्याला लढाईसाठी धट्टीकट्टी माणसे हवी होती. तरीही प्रश्न खराच होता. पहिल्या चार्ल्सने १६३३ साली तोच जाहीरनामा पुन्हा काढला, आणि पार्लमेंटचे राज्य येताच १६४३ साली त्याच्या प्रती जाळण्याचा हुकूम झाला.

एका गव्हर्नराची गोष्ट

याच सुमारास अमेरिकेत एक लहानसा प्रसंग घडला. प्रसंग लहान असला तरी सगळा वाद त्यात सामावला आहे. इंग्लंड सोडून गेलेल्या कडव्या धर्मनिष्ठांनी प्लिमथ येथे वसाहत केली होती. विल्यम ब्रॅडफर्ड हा त्यांचा गव्हर्नर. १६२१ सालच्या नाताळच्या दिवशी त्याने नेहमीप्रमाणे सर्वांना कामावर बोलावले. नुकत्याच जहाजाने आलेल्या मंडळींपैकी बहुतेक जण म्हणाले, "या दिवशी काम करणे आमच्या सदसद्विवेकाला पटत नाही." ब्रॅडफर्ड म्हणाला, ठीक आहे, तुम्हाला अधिक ज्ञान होईपर्यंत तुम्हाला सूट. तो जुन्या लोकांना घेऊन कामावर गेला. दुपारी परत येऊन पाहतो तो हे नवे लोक रस्त्यात उघडपणे चेंडू खेळताहेत, जड दांडा फेकण्याची शर्यत लावताहेत. त्याने त्यांची खेळण्याची साधने काढून घेतली आणि सुनावले, तुम्ही खेळावे आणि इतरांनी राबावे हे माझ्या सदसद्विवेकाला पटत नाही. भक्ती करायची असेल तर घरात बसून करा. ही हकीकत ब्रॅडफर्डने स्वतःच लिहून ठेवली आहे.

मी ती वाचली तेव्हा मला हसू आले आणि मग लाज वाटली. गव्हर्नरचे बोलणे वरवर न्यायाचे होते. एकाने खेळावे आणि दुसऱ्याने राबावे हे कोणाला आवडेल? पण त्यातली मेख पाहा. काम बंद ठेवण्याची परवानगी आहे, परंतु ती भक्तीचे प्रमाणपत्र दाखविणाऱ्याला. ज्याला नुसते चार माणसांत हसायचे-खेळायचे आहे, त्याला दिवस नाही. वसईच्या टर्नरकडून मी तरी दुसरे काय मागितले होते? शास्त्रातला आधार दाखवा, मग सुट्टी मागा.

बंदी आणि दंगल

आता इंग्लंडमध्ये परत येऊ. राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध १६४२ साली पेटले. पार्लमेंटने दर महिन्याचा शेवटचा बुधवार उपासाचा ठरविला होता. १६४४ साली नाताळ नेमका त्या बुधवारी आला. पार्लमेंटचा हुकूम सुटला की नाताळ असला तरी उपास पाळलाच पाहिजे. १६४५ च्या आरंभी उपासनेचे नवे नियम आले. त्यांत रविवारखेरीज दुसरे पवित्र दिवस उरले नाहीत. आणि जून १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर व इतर सण कायद्याने बंद झाले. हे सारे क्रॉम्वेलने एकट्याने केले असा समज आहे. तो बरोबर नाही. त्या वेळी तो सत्ताधीश नव्हता. हे काम पार्लमेंटचे.

जूनच्या या फर्मानातली एक गोष्ट आम्हा संघटनेच्या लोकांना विशेष महत्त्वाची वाटावी. लंडनमध्ये हजारो उमेदवार होते. सात-सात वर्षे उस्तादाच्या घरी राहून, त्याच्याच घरी जेवून धंदा शिकणारी ही मुले. त्यांना पगार नव्हता आणि सुट्टी म्हणजे सणांचे दिवस, तेवढीच. सण गेले की विसावाही गेला. त्यांनी पार्लमेंटकडे अर्ज केले, गर्दी केली, गाऱ्हाणे मांडले. आणि ज्या फर्मानाने सण रद्द झाले, त्याच फर्मानाने विद्यार्थी, उमेदवार आणि नोकर यांना दर महिन्याचा दुसरा मंगळवार करमणुकीसाठी मोकळा मिळाला. वर्षाचे बारा मंगळवार. धर्माचा पडदा बाजूला झाला आणि खरा व्यवहार दिसू लागला. सणाच्या पोटात सुट्टी दडलेली होती, हे पार्लमेंटलाही कबूल करावे लागले.

प्युरिटनांना मी खलपुरुष ठरवीत नाही. रविवारी कोणाकडूनही काम करून घेऊ नये याविषयी ते कमालीचे दक्ष होते, आणि वर्षातून बावन्न दिवस गड्याला व धन्याला सारखा विसावा मिळावा ही काही लहान गोष्ट नव्हे. क्वेकरांचा पुढारी जॉर्ज फॉक्स याचीही आठवण येते. तरुणपणी, इतर लोक नाताळच्या मेजवान्या झोडीत असता, तो गरीब विधवांची घरे शोधीत हिंडे आणि त्यांना पैसे देई. सण न पाळणारा माणूस माणुसकी सोडतो असे नाही.

पण महिन्याचा मंगळवार ही नाताळची भरपाई होऊ शकली नाही. डिसेंबर १६४७ मध्ये लंडनच्या कॉर्नहिल भागात उमेदवारांनी पाण्याच्या टाकीवर हिरव्या डहाळ्या बांधून सण उभा केला. त्या काढावयास शहराचे अधिकारी धावले तेव्हा मोठी गडबड झाली. कँटरबरीत तर प्रकरण हातघाईवर आले. पंचवीस डिसेंबरला बाजार भरला पाहिजे असा तेथील नगराध्यक्षाने हुकूम काढला. थोड्या दुकानदारांनी दुकाने उघडली. जमावाने त्यांना बंद करण्यास सांगितले, ऐकेनात तेव्हा माल रस्त्यावर फेकला. नगराध्यक्षालाही धक्काबुक्की झाली. दारांवर हिरव्या फांद्या लागल्या आणि रस्त्यात फुटबॉल खेळू लागले. पुढच्या वर्षी या दंगलीचा खटला उभा राहिला, पंचांनी आरोप मान्य करण्यास नकार दिला, आणि त्यातूनच केंट परगण्याचा उठाव भडकला. १६४८ च्या दुसऱ्या यादवी युद्धाचा तो एक भाग होय.

जमावात भाविक होते, राजाचे पक्षपाती होते आणि नुसते दांडगटही होते. पण त्यांना जोडणारी गोष्ट कोणती? आपल्या घरचा ठरलेला दिवस दुसऱ्याने यादीतून काढला, ही चीड. १६६० साली राजसत्ता परत आली, आणि तिच्याबरोबर नाताळही परत आला.

समुद्रापलीकडे मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविला. त्या कायद्यात मेजवानीच्या जोडीला काम बंद ठेवणे हाही गुन्हाच मानला होता. तो १६८१ साली रद्द झाला. पण नाताळची कायदेशीर सुट्टी तेथे १८५६ साली आली. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १६४० साली नाताळची सुट्टी मोडली. तेथे ती सार्वजनिक सुट्टी म्हणून परत मिळाली १९५८ साली! इतकी वर्षे स्कॉटलंडचे कामगार नाताळला कामावर जात. मग त्यांनी घरच्या माणसांत बसण्याचा दिवस सोडून दिला काय? मुळीच नाही. त्यांनी वर्षाची अखेर आणि नव्या वर्षाचा पहिला दिवस धरला, आणि तोच त्यांचा मोठा सण झाला. शास्त्राने एक दिवस नाकारला, तर माणसांनी दुसरा शोधला.

गिरणीचा भोंगा

पार्लमेंटच्या कायद्याने जे साधले नाही, ते पुढे कारखानदारीने निमूटपणे करीत आणले. बारा दिवसांचा नाताळ यंत्राला परवडणारा नव्हता. शहरात आलेल्या मजुराला गावचा जमीनदार नाही, त्याचे जेवण नाही, आणि बारा दिवस काम नसेल तर मजुरीही नाही. बँक ऑफ इंग्लंडसारखी संस्था पूर्वी वर्षाला तिसावर सणांचे दिवस बंद राही. १८३४ साली त्यांतले चार उरले, त्यांपैकी एक नाताळ. १८३३ च्या फॅक्टरी कायद्याने गिरण्यांतल्या अठरा वर्षांखालील मुलांना नाताळ आणि गुड फ्रायडे या दोन पूर्ण सुट्ट्या व आठ अर्ध्या सुट्ट्या दिल्या. ज्या देशात सण बंद करण्यासाठी कायदा करावा लागला होता, त्याच देशात आता एक सण वाचविण्यासाठी कायदा करावा लागला.

चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' १८४३ साली प्रसिद्ध झाली ती या काळात. आपल्यापैकी पुष्कळांनी ती शाळेत वाचली असेल. आम्ही भुताखेतांसाठी ती वाचली. पण कथेचा आरंभ एका सुट्टीच्या घासाघिशीने होतो. आठवड्याला पंधरा शिलिंग मिळविणारा कारकून नाताळचा एक दिवस मागतो. मालकाला वाटते की बिनकामाचा पगार देणे म्हणजे आपला खिसा कापणे. तो कुरकुरत दिवस देतो आणि दुसऱ्या दिवशी अधिक लवकर यावयास बजावतो. पुढे त्या कारकुनाच्या घरचे जेवण येते. एक गूज पक्षी, मोजकी भांडी, एक आजारी मूल, आणि सगळे जण एकत्र. नाताळ रस्त्यावरून आणि वाड्यावरून निघून घरच्या मेजाभोवती आला, तो साधारण याच काळात. १८४८ साली राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे नाताळच्या झाडाभोवतीचे चित्र एका लंडनच्या साप्ताहिकात छापले गेले, आणि मध्यमवर्गाने ते झाड आपल्या दिवाणखान्यात आणले.

अर्थात या कौटुंबिक सणालाही खालची बाजू होती. मेजाभोवती एक कुटुंब बसते तेव्हा स्वयंपाकघरात दुसऱ्या कुटुंबातल्या मुली भांडी घाशीत असतात. घरकामाच्या नोकरांना मोकळीक मिळे ती साधारणपणे दुसऱ्या दिवशी, सव्वीस डिसेंबरला, बक्षिसी हातात घेऊन. १८७१ साली सर जॉन लबक यांच्या कायद्याने बँकांना ज्या सुट्ट्या मिळाल्या, त्यांत हा सव्वीस डिसेंबर आहे. आजही नाताळच्या दिवशी इस्पितळे आणि वीजघरे चालू असतात, जशी ती आपल्या दिवाळीतही असतात. आपल्या सणाच्या दिवशी कोण कामावर आहे, हा प्रश्न विचारल्याशिवाय सण पुरा कळत नाही.

एका धर्मोपदेशकाचे उत्तर

या वाचनात मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाकडून. चार्ल्स स्पर्जन हे त्याचे नाव. १८५५ च्या डिसेंबरात तो अवघा एकवीस वर्षांचा होता, पण लंडनच्या न्यू पार्क स्ट्रीट चॅपेलमध्ये त्याला ऐकावयास गर्दी लोटे. नाताळच्या दोन दिवस आधी त्याने प्रवचन केले. त्यात त्याने प्युरिटनांचेच मत ठणकावून सांगितले. हा दिवस पाळण्यात काही धर्म आहे असे मानणे वेडेपणाचे आहे, येशू त्या दिवशी जन्मला असा संभव नाही, ही चाल रोमची आहे. आता तुम्ही म्हणाल, मग नाताळ बंद करा, असेच तो सांगणार. पण त्याने सांगितले ते उलटेच. असे दहा-बारा नाताळ वर्षात असते तर बरे, अशी त्याने इच्छा व्यक्त केली. जगात काम भरपूर आहे, कष्टकऱ्यांना थोडी अधिक विश्रांती मिळाली तर बिघडणार नाही. आणि या दिवसामुळे माणसे घरच्या शेगडीभोवती पुन्हा एकत्र येतात, हे मोठे वरदान आहे, असा त्याचा आशय होता.

मित्रहो, या माणसाने दोन प्रश्न अलग केले. हा दिवस देवाने नेमला आहे काय, हा एक प्रश्न. या दिवशी माणसाने घरी असावे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'नाही' आले म्हणून दुसऱ्याचे 'नाही' येत नाही. प्युरिटनांनी ते दोन्ही एक केले. मीही एक केले होते, आणि मी तर धर्मसुधारकही नव्हतो. मला दिवाळीचा एक दिवस वाढवून हवा होता, इतकेच.

आपल्या मुंबईतही हा धडा पूर्वी गिरविला गेला आहे. ज्या रविवारासाठी प्युरिटन भांडले, तो साहेबाच्या कचेरीला मिळे, पण गिरणीतल्या माणसाला त्याची हमी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. ख्रिस्ती शब्बाथाशी त्यांना कर्तव्य नव्हते. रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार आहे, हा युक्तिवाद त्यांच्या नावाने सांगितला जातो. एकाच्या दृष्टीने तो प्रभूचा दिवस, दुसऱ्याच्या दृष्टीने खंडोबाचा, तिसऱ्याला नुसता कपडे धुण्याचा आणि मुलांना जवळ घेण्याचा. दिवस एकच. तो मिळविताना कोणी कोणाला शास्त्र विचारले नाही, म्हणून तो सर्वांचा झाला.

आता त्या यादीचे पुढे काय झाले ते सांगून आपली रजा घेतो. पुढल्या वर्षी मी सभेत उभा राहिलो आणि गेल्या वर्षीचा माझा युक्तिवाद मागे घेतला. टाळ्या पडल्या नाहीत. दिवाळीचा जादा दिवस सोडावयास बरेच जण तयार नव्हते. दोन सभा वादात गेल्या. शेवटी असे ठरले की यादीतले दोन दिवस ज्याचे त्याने निवडावे, आणि का निवडले हे कोणी कोणाला विचारू नये. व्यवस्थापनानेही ते मान्य केले. टर्नरनी नाताळ घेतला. आणि तो तरुण, ज्याच्या पंथात नाताळ नव्हता? त्यानेही पंचवीस डिसेंबरच लिहून दिला. नियम मोडून मी कारण विचारले. तो म्हणाला, "भाऊ, आम्ही सण पाळत नाही. पण त्या दिवशी मुलांची शाळा बंद असते. सगळे घरी असतात."